अँटीव्हायरस आणि माझा बटणाचा नियम

मैत्रिणींनो, आज सकाळी मी सुनेवर विनाकारण डाफरले.

घरच्या कॉम्प्युटरवर ती साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं करते. अँटीव्हायरसची नवी आवृत्ती तीनदा टाकली, तीनदा अडली. मी म्हटलं, "नको त्या साइटवरून काहीतरी उतरवलं असशील."

"मम्मी, ओरडून ते बसणार नाही. आधी बघू तरी."

बघितलं. इंटरनेट चालू, जागा भरपूर. मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. आमचा कॉम्प्युटर चक्क पंधरा वर्षं मागे होता! तारीख चुकीची असली की नवी आवृत्ती खरी आहे हे कॉम्प्युटरला पटत नाही म्हणे. तारीख दुरुस्त केली आणि ती मुकाट बसली.

पण तारीख मागे गेलीच कशी? मला चैन पडेना. आमच्या गोडादरा भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"मासी, भिंतीवरचं बटण रोज बंद करता ना? मग आतलं घड्याळ छोट्या बॅटरीवर चालतं. ती संपली."

रोज बटण बंद करण्याचा नियम माझा. सून हसू दाबत होती.

"हस मोकळेपणाने," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

बॅटरी नवी बसवली. बटणाचा नियम कायम आहे, पण आता आधी तारीख बघायची आणि मगच सुनेकडे वळायचं.

तुमच्या घरात काही बिघडलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? खरं सांगा.