दुकानाचा फोन बोगादीला

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी अप्पांना दुकानात जायला मनाई केली. साड्या रंगवण्याचं आणि ड्रायक्लीनिंगचं आमचं दुकान म्हैसूरच्या बन्नीमंटपला, घर दूर बोगादीला. रंगाचं काम मी केव्हाच हातात घेतलं होतं, पण फोन घेणं मात्र अप्पांचं, माझ्या वडिलांचं. नुसत्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायचं आणि त्याची कुठली साडी आपल्याकडे आहे ते वही न उघडता सांगायचं, ही त्यांची मिजास. आता ते पाय स्टुलावर ठेवून दिवसभर भिंतीकडे बघायचे. विचारलं तरच बोलायचे. मला भीती वाटली, माणूस असाच विझत जाईल.

म्हणून मी क्लाउडवरची फोन व्यवस्था, म्हणजे दुकानाचा कॉल इंटरनेटवरून घरी वळवणारी, घ्यायची ठरवली. पहिल्या कंपनीच्या माणसाने लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले. दुसऱ्याने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवताना लावायच्या संगीताचे नमुने ऐकवले. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझा राग तसा नाकावरच असतो. मी दोघांना एकच विचारलं, "आमचा जुना नंबर लावला तर बोगादीला वाजेल का?" दोघेही म्हणाले, नवा नंबर घ्या आणि सगळ्यांना कळवा. आमच्या गिऱ्हाइकांत आज्ज्या जास्त, तो नंबर त्यांना तोंडपाठ. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरी एक मुलगी आली. तिने समोरचा चहा निवू दिला, लँडलाइनवरचा कॉल क्लाउडवर वळवला आणि बोगादीला अप्पांच्या मोबाइलवर वाजवून दाखवला. मी तिलाच हो म्हटलं.

उरलं होतं स्वागताचं रेकॉर्डिंग. त्यासाठी घरी अप्पांच्या पुढ्यात फोन धरला. ते घसा खाकरून कन्नडमध्ये म्हणाले, "नमस्कारा. ऊटा आय्ता?" आणि गप्प बसले. जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय म्हैसूरमध्ये बोलणं सुरू होत नाही, हे मान्य. पण रेकॉर्डिंगमध्ये?

"अप्पा, पुढे बोला. इथे कोण उत्तर देणार?"

"विचारलं मत्ते थांबायला नको का, अल्वा? विचारून लगेच पुढं गेलं तर त्याला काय अर्थ?" अप्पांच्या मराठीत कन्नड असं मिसळतं: मत्ते म्हणजे मग, अल्वा म्हणजे नाही का.

मी चिडले, तीनदा रेकॉर्ड केलं. तिन्ही वेळा ते तेवढेच थांबले. शेवटी वैतागून मी ते तसंच चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी नव्या व्यवस्थेने आपोआप साठवलेलं पहिल्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. जयलक्ष्मीपुरमच्या एक आज्जी होत्या. अप्पांच्या आवाजाने जेवणाचं विचारलं, आणि त्या मोकळ्या जागेत आज्जी शांतपणे म्हणाल्या, "आय्तु. निम्दु?" झालं, तुमचं? मग बोगादीला अप्पांनी फोन उचलला आणि सवयीने पुन्हा जेवणाचंच विचारलं. आज्जी म्हणाल्या, आत्ताच तर सांगितलं, वय झालं तुमचं. अप्पा हसले. ऑपरेशननंतर ते हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी आज्जींची जांभळी साडी, तिच्या काठाचा उडालेला रंग, सगळं बिनचूक सांगितलं. शेवटी आज्जींनी विचारलं, संध्याकाळी दुकानात आहात ना?

"आहे की," अप्पा म्हणाले, "आणि कुठं जाणार?"

त्या संध्याकाळी आज्जी आल्या. अप्पा आत्ताच बाहेर गेलेत, असं मी त्यांना सांगितलं.