खंडेनवमीचं पायडल

पंचेचाळिशीत मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं खूळ लागलं. दहाबारा व्हिडिओ पाहून झाले, मल्टीमीटर आणलं, पण घरात बिघडलेलं काहीच नव्हतं. म्हणून मी चांगलं चाललेलं उघडलं. तीन वर्षं हे पोटात ठेवलं होतं, आता सांगून टाकतो.

बायको ब्लाउज शिवते. खंडेनवमीला ती मशीनची पूजा करते, त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. मला तो सुट्टीचा दिवस सोयीचा वाटला. ती अन् आई गुलमंडीला खरेदीला गेल्या तसा मी पूजेत मांडलेल्या हत्यारांतून पेचकस उचलला आणि मशीनच्या मोटरचं पायडल उघडलं. मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट त्यातच असतं. प्लग चालू ठेवून व्होल्टेज मोजायला गेलो. मल्टीमीटरची पिन ट्रायॅक नावाच्या तीन पायांच्या तुकड्यावर घसरली, दोन पाय एकदम शिवले. चट्! मी घाईनं प्लग ओढला, झाकण लावलं, पेचकसावर ताजं कुंकू लावून तो जागेवर ठेवला आणि पेपर वाचत बसलो.

दसऱ्याला शेजारच्या काकूंचं ब्लाउज द्यायचं होतं. बायकोनं बटण दाबलं अन् मशीन सुसाट सुटलं.

"अहो, पाय बी ठेवला नाय, तरी पळायलंय!"

बटण बंद करेपर्यंत बाहीचं तोंड शिवून गेलं होतं. आई आली, पाहिलं आणि म्हणाली, "काल पूजेत किती पानी शिंपडलंस गं? मशीन हाय का तुळस?"

 बायकोनं माझ्याकडं पाहिलं. इथं मी बोलायला हवं होतं. आणि बोललो की! म्हणालो, "ओल गेली असंल आत."

बिचारीनं पायडल गच्चीवर नेलं आणि पापडासारखं उलटंपालटं करून वाळवलं. नंतर मी मोठ्या गांभीर्यानं तपासाला बसलो. ज्यानं चोरी केली त्याच्याकडंच तपास. प्लग काढून ट्रायॅकच्या पायांवर पिना टेकवल्या, मल्टीमीटर बोंबललं. शॉर्ट, म्हणजे विजेला अडवणारं आत काही उरलंच नव्हतं. तुकडा घेऊन दुकानात गेलो.

"पानी गया," मी म्हणालो.

दुकानदारानं तुकडा उजेडात धरला. "पानी गया तो जंग दिखता, मियां. पिन घसरी ना? झूट घर में बोलो, हमकू नक्को."

नवा ट्रायॅक डाग देऊन बसवला. मशीन पायाचं ऐकायला लागलं, बाही उसवली, ब्लाउज संध्याकाळी गेलं. बायकोनं काकूंना सांगितलं, "माझ्याच हातानं पाणी जास्त झालं. ह्यांनी दुरुस्त केलं म्हणून बरं." काकूंनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी ते घेतलंही.

पुढची दोन वर्षं तिनं मशीनची पूजा केलीच नाही. "तुम्हीच करा. माझा हात लागला की बिघडतं." लांबूनच हात जोडायची. ज्या मशीनवर तिचं सारं कसब, त्याच्याजवळ सणाला उभं राहायला ती भ्यायची. यंदा तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. पिन, पेचकस, कुंकूसुद्धा.

 ती म्हणाली, "मला कशाला सांगायलात? आईंना सांगा."

सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी मी तिला उगाच बोलले व्हय?" सुनेची माफी मागणं आईच्या स्वभावात नाही. तिनं माझ्या हातातला तांब्या ओढून सुनेला दिला. "पूजा तूच कर. पाहिजे तेवढं पानी घे. अन् ह्याला भाईर बसव."

मी जिन्यात बसलो. आत घंटी वाजत होती, दोघी हसत होत्या. काकू वर आल्या.

"अहो, तुम्ही बाहेर का?"

"ते मशीन पाण्यानं नाही, मी बिघडवलं होतं."

काकू पायरीवरच थांबल्या. "अन् मी तिला दरवर्षी म्हणते, पाणी जपून गं बाई!" आणि मला ओलांडून त्या तडक आत गेल्या.