एम्बसीची घरभरणी

आखातातून परत येऊन मी खटकचिंचोळीत खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. आमच्या भागातली, तिकडं राहून आलेली माणसं बाजाराच्या दिवशी दुकानात टेकतात आणि बोलणं फिरून फिरून तिथल्या आपल्या देशाच्या नव्या एम्बसीवर येतं. काय ती इमारत, काय तो दगड, काय ती कारंजी. ज्याचा पासपोर्ट मालकानं वर्षभर दाबून ठेवला होता, तोसुद्धा छाती फुगवून आपल्या देशाची शान सांगतो. पोती बघायचीत असं काहीतरी पुटपुटून मी आत गोदामात जाऊन उभा राहतो.

जुनी एम्बसी भाड्याच्या बंगल्यात होती. तिचे गोडवे गावेत असं तिच्यात काही नव्हतं. लोखंडी जाळीची एक खिडकी, समोर उन्हात रांग, आणि आत एक कारकून, जो कागद बघायच्या आधी माणसाची चप्पल बघायचा. पण खिडकी तरी होती. तिच्यावर हात आपटता यायचा.

मी तिथं एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचो. एका खोलीत आम्ही सहाजण, सगळे बिदर-कलबुर्गीकडचे. त्यांतले सगळ्यांत वयस्कर मुडबीचे एक सुतार. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ते दुसऱ्या कंपनीत होते. ती बुडाली, मालक पळाला, कामगारांचे पासपोर्ट त्याच्याबरोबर गेले, आणि अप्पा आमच्या खोलीत येऊन राहिले. तिकडं मुडबीला त्यांच्या बायकोला पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

पासपोर्ट नसलेल्या माणसाला घरी जाण्यापुरता एक कागद एम्बसी देते. अप्पांनी त्याचा अर्ज केला होता. खिडकीवर एकच उत्तर मिळायचं, ऑफिस नव्या इमारतीत चाललंय, तिथं गेल्यावर बघू. बायको रोज फोनवर विचारायची, "कवा यायलाव?" अप्पा रोज सांगायचे, "यायलोय की. कागद झाला की निघालोच."

तेवढ्यात नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं निमंत्रण मोबाईलवर आलं. सर्व बांधवांनी यावं. मी ते वाचून दाखवलं.

"म्हंजी घरभरणी हाय म्हणा की," अप्पा म्हणाले. "मंग रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

अफजलपूरचा एक ड्रायव्हर आमच्याच खोलीत होता. तो हसला. "अप्पा, सरकारी बिल्डिंग हाय ती. तुमच्या सोयऱ्याचं घर न्हाई."

"कुणाचं बी असू दे. घरभरणीदिशी आहेर घिऊन आलेल्या माणसाला मालक न्हाई म्हणत न्हाई."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडं असंच आहे. नव्या घरात पहिल्या दिवशी 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, वास्तू तथास्तु म्हणते. वर्षानुवर्षं बोलणं बंद असलेले भाऊसुद्धा त्या दिवशी टावेल-टोपी घेऊन दारात जातात, अडलेलं काम सांगतात, आणि मालकाला व्हय म्हणावं लागतं. माझ्या चुलत्यांनी शेतातली वाट अशीच मिळवली होती. म्हणून अप्पांचं म्हणणं मला पटलं. चार बुकं शिकलेला मी, मलासुद्धा पटलं.

आम्ही एक चांगला टावेल आणला, शर्टाचं कापड आणलं, एका हैदराबादी दुकानदाराकडून नारळ आणला. पांढरी टोपी कुठंच मिळेना, तर अप्पांनी स्वतःच्या पेटीतली न घातलेली काढून दिली. हिंदी माझी बरी, म्हणून ठरलं की आहेर अप्पांनी द्यायचा आणि कागदाचं मी बोलायचं.

दारातच आमचा नारळ तपासायच्या मशिनीतून गेला. शिपायानं तो कानाशी धरून हलवून बघितला आणि बाजूला ठेवून घेतला. आत गार हवा, सुगंध, पायाखाली आरसा ठेवल्यासारखी फरशी. सुटातल्या लोकांना पुढं खुर्च्या, आणि लेबर कॅम्पातून बस भरून आणलेल्यांना मागं, दोरीच्या पलीकडं उभं राहायला जागा. प्रत्येकाच्या हातात एक कागदी झेंडा. आम्ही दोरीच्या पलीकडचे.

पुढच्या लोकांची मतं आम्हाला ऐकू येत होती. एक बाई म्हणाल्या, इथं आल्यावर परदेशात आहोत असं वाटतच नाही. एक डॉक्टर भिंतीवरून हात फिरवत सांगत होते की हा सगळा दगड आपल्या देशातूनच जहाजानं आणलाय, कोरणारे कारागीरसुद्धा तिकडचेच. दगडाचे कागद वेळेवर झाले होते. ड्रायव्हर संडास बघून आला आणि म्हणाला, "आपल्या खोलीच्या दुप्पट हाय की रे. बडा घर म्हणत्यात ते हेच. वासा तेवढा पोकळ का कसा, ते कळायचं हाय."

मग एम्बसीचे मोठे साहेब दोरीपाशी आले. बरोबर कॅमेरावाला आणि माईक घेतलेली एक मुलगी. त्यांना कामगार बांधवांची प्रतिक्रिया पाहिजे होती. माझा शर्ट इस्त्रीचा होता, म्हणून मुलीनं माईक माझ्या तोंडापुढं धरला. नवीन इमारत कशी वाटली? साहेब माझ्याकडं बघून हसत होते. अप्पा माझ्या मागं आहेर छातीशी धरून उभे होते. त्यांनी माझ्या पाठीला बोट लावलं. "कागदाचं बोल," हळूच म्हणाले.

मी म्हणालो, "बहुत शानदार है साहब. अपने घर आए, ऐसा लगा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढं बोलतच गेलो. देशाचं नाव झालं, आम्हा गरिबांची मान उंच झाली, साहेबांचे उपकार. कुठून येत होतं कोण जाणे, नळ सोडल्यासारखं येत होतं. कागदाचा शब्द तेवढा निघेना. साहेबांनी माझा खांदा थोपटला, मला बरं वाटलं, आणि ते पुढं गेले. बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

अप्पांनी दोरीवरून आहेर पुढं केला. साहेबांच्या मागच्या माणसानं तो न बघता घेतला आणि टेबलाखाली सरकवला. खाणं झालं, बसकडं निघालो, तेव्हा एक झाडूवाला सांडलेलं सरबत पुसत होता. आमचा टावेल होता तो. काठावरून मी ओळखला, अप्पांनीही ओळखला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

बसमध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "कामून बोलला न्हाईस?"

"ती जागा न्हवती अप्पा," मी म्हणालो. असली वाक्यं मला लगेच सुचतात.

नव्या ऑफिसात खिडकीच नव्हती. मोबाईलवरून वेळ घ्यायची, आणि वेळ कधीच रिकामी नसायची. कागद यायला पाच आठवडे लागले. त्याच्या नऊ दिवस आधी अप्पांची बायको गेली. अप्पा दहाव्यालासुद्धा पोचले नाहीत. मला ते शेवटपर्यंत एक वाकडा शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्याकडं तोंड वर करून बघू शकलो असतो.

परत आल्यावर वर्षभरानं मी मुडबीला गेलो. अप्पा शेतात होते. त्यांच्या लेकीनं सतरंजी टाकली, चहा आणला आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "तुमीच की ओ त्या व्हिडिओतले काका?"

एम्बसीनं ती प्रतिक्रिया सगळीकडं पाठवली होती आणि ती फिरत फिरत मुडबीला पोचली होती. माझ्या मागं अप्पा दिसत होते, म्हणून आईला तेवढंच बघायचं असायचं, असं पोरीनं सांगितलं.

"आई म्हणायची, ह्यो बोलणारा मोठा माणूस दिसायलाय, साहेबाच्या वळखीचा. ह्येला सांगा की कागदाचं तेवढं बोल म्हणून. आमी म्हणलं, त्येनी बाबाच्या खोलीतलेच हायेत. तर म्हणली, मंग बोलले असतील की. रोज तेवढं म्हणायची आन् फोन उशाला ठिऊन निवांत झोपायची."

अप्पांनी घरात काही सांगितलेलं नव्हतं. पोरगी माझ्या रिकाम्या कपाकडं हात लांबवत म्हणाली, "बोललाव न्हवं काका तुमी?"

"व्हय," मी म्हणालो.