बाराव्या अर्जाचा स्पीडब्रेकर

कवळीवाल्यांनी आयुष्यात दोनच कामं जीव ओतून केली. लोकांच्या तोंडात नीट बसतील असे दात बनवले, आणि ती गाडी सांभाळली. दातांबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. गाडीबद्दल मात्र गल्लीत असा एक माणूस सापडणार नाही की ज्याला काही म्हणायचं नाही.

गाडी चौतीस वर्षांची, त्यातली एकोणीस वर्षं कवळीवाल्यांकडे. दोन दारांची, लांब नाकाची, मागे उतरत गेलेली स्पोर्ट्स गाडी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, त्यामुळे सुटे भाग मिळायचे नाहीत, आणि नेमकं हेच कवळीवाल्यांना आवडायचं. मिळत नाही ते बनवायचं! डॅशबोर्डला गेलेली चीर त्यांनी कवळीच्या मसाल्यानं बुजवली होती. गिअरच्या दांड्यावरची मूठ दातासारखी पांढरी आणि गुळगुळीत होती. आणि पुढच्या बंपरखाली त्यांनी वारा कापायला म्हणून एक पट्टी बसवली होती, तिला ते हनुवटी म्हणत. तीही कवळीच्याच मसाल्याची, त्यामुळे हिरडीसारखी गुलाबी. तिच्यावर रंग टिकत नसे. समोरून बघितलं की वाटायचं, गाडीनं कवळी लावलीय आणि ती हसतेय.

एवढं सगळं करून ही गाडी गेली चार वर्षं गल्लीबाहेर गेली नव्हती.

त्याचं असं झालं. पूर्वी गल्लीतून स्कूटरवाले सुसाट जायचे, खडे उडायचे आणि गाडीच्या रंगाला टवके पडायचे. कवळीवाल्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला, की गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर करावा. मग दुसरा केला. अकराव्या अर्जाला स्पीडब्रेकर झाला. पण तो बेताचाच होता, स्कूटरवाले जुमानेनात, म्हणून त्यांनी बारावा अर्ज टाकला, की तो आणखी उंच करावा. त्याचं उत्तर आलं नाही आणि तेही विसरून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी खाली बसवायची म्हणून तिच्या चारही स्प्रिंगा कापल्या. खाली बसवलेली गाडी रस्त्याला चिकटून चालते, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. शेडच्या सपाट फरशीवर ठेवून माप घेतलं, चार बोटं अंतर भरलं, खूश झाले, आंघोळ करून फेरी मारायला निघाले, आणि गल्लीच्या तोंडाशी हनुवटी स्पीडब्रेकरला टेकली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

कापलेली स्प्रिंग काही परत वाढत नाही. तेव्हापासून दर रविवारी गाडी गल्लीच्या बंद टोकापासून स्पीडब्रेकरपर्यंत जायची आणि उलटी परत यायची. एकशे चाळीस पावलं जायला, एकशे चाळीस यायला. इंजिन नीट तापायला अशा बारा फेऱ्या लागत. लोक त्या वेळात वाळत घातलेले कपडे आत घेत.

समोरच्या टेलरमास्तरांनी एकदा सुचवून पाहिलं, "ती हनुवटी काढून टाका ना."

"काढली तरी मागे तेलाची टाकी तितकीच खाली आहे," कवळीवाले म्हणाले, आणि मग दुखावल्या आवाजात, "आणि उद्या तुमच्या खालचे दात काढा म्हटलं तर चालेल तुम्हाला?"

मास्तरांचे खालचे दात कवळीवाल्यांनीच केलेले होते, त्यामुळे विषय तिथंच मिटला.

हे सगळं असंच चाललं असतं. पण कवळीवाल्यांची बायको निवृत्त व्हायची होती. ती शहर बस चालवायची, सव्वीस वर्षं. गल्ली तिला ड्रायव्हरबाई म्हणे. बारा मीटरची बस ती डेपोत अशी उलटी लावायची की बाजूला हातभर जागा उरत नसे. तरी नवऱ्यानं तिला आपल्या गाडीची किल्ली कधी दिली नव्हती. "तुझ्या हाताला बसची सवय," एवढंच ते म्हणत. तिनंही हट्ट धरला नाही. दिवसभर चालवून आलेल्या माणसाला घरी येऊन पुन्हा चालवायची हौस कुठून असणार!

दोन महिने आधी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, शेवटच्या दिवशी मला न्यायला या. डेपोच्या फाटकाशी, चार वाजता. गाडीतून."

"गाडीतून?"

"सव्वीस वर्षं मी लोकांना घरी सोडतेय. मला एकदा कुणीतरी घरी आणा. नुसतं बसून यायचंय."

आता या बाईनं उभ्या संसारात काही मागितलं नव्हतं. पाहुणे आले असता शेडमध्ये नवरा गाडीखाली झोपलेला असायचा, तरी तिनं कधी आवाज चढवला नाही. कवळीवाल्यांना नाही म्हणायला तोंडच नव्हतं. "येतो," ते म्हणाले आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी ते कामाला लागले. कवळीच्या धंद्यात एक साधी पद्धत आहे. कवळी टोचते म्हटलं की माणसाला पातळ निळा कागद चावायला द्यायचा. जिथं निळा डाग उमटतो तिथं कवळी उंच आहे. तेवढं घासायचं, पुन्हा चावायला द्यायचं, डाग जाईपर्यंत. कवळीवाल्यांनी तो कागद स्पीडब्रेकरवर अंथरला. मास्तर पालथे झोपून गाडीखाली बघू लागले आणि गाडी बोटाबोटानं पुढे सरकू लागली.

"थांबा, थांबा! पोटात आवळतंय," मास्तर ओरडले. "अर्धा इंच सैल करावं लागेल."

स्पीडब्रेकर घासायला कायद्यानं बंदी, म्हणून गाडी हलकी करायची ठरली. स्टेपनी निघाली. मागची सीट निघाली. गालिचे, ॲशट्रे, एका दाराच्या काचेचं हँडल, सगळं शेडमध्ये गेलं. तरी डाग उमटायचाच. शेवटी त्यांनी ड्रायव्हरशेजारची सीटही काढली.

मास्तरांनी त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "मग बाई बसणार कशावर?"

कवळीवाल्यांच्या हे खरंच लक्षात आलं नव्हतं. बायकोला आणायला जायचं म्हणून त्यांनी बायकोचीच सीट काढून ठेवली होती. पण त्यातूनही मार्ग निघाला. जाताना मास्तरांनी सीट उचलून पलीकडे न्यायची, तिथं चार बोल्ट आवळून बसवायची. येताना बाईंनी स्पीडब्रेकरशी उतरायचं, सीट काढायची, गाडी आत घ्यायची. उरला प्रश्न खुद्द कवळीवाल्यांच्या चौऱ्याण्णव किलोंचा. त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. ड्रायव्हरबाईंनी विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे. ते अक्षरशः खरं होतं.

दोन महिन्यांत ते अठ्ठ्याऐंशीवर आले. शेवटच्या रविवारी कागदावर मुगाएवढा डाग उमटला. त्यांनी हनुवटी तेवढी घासली. पुन्हा गेले, आणि कागद कोरा निघाला! मास्तरांनी झोपल्या झोपल्या टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी कवळीवाले दुपारी कामावरून आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी डांबराचा वास सुटला होता. नगरपालिकेची माणसं होती. स्पीडब्रेकर दोन बोटं उंच झाला होता, तुळतुळीत.

"हे कुणी सांगितलं करायला?" ते किंचाळले.

मुकादमानं फाइल उघडून दाखवली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिलेला अर्ज. 'तरी सदर स्पीडब्रेकर पुरेसा उंच करावा ही नम्र विनंती.' खाली सही त्यांचीच.

"उशीर झाला खरा," मुकादम म्हणाला, "पण आमच्याकडे अर्ज वाया जात नाही. काम समाधानकारक झालं म्हणून इथं सही करा."

कवळीवाल्यांनी सही केली.

बुधवारी, बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, अडीचला ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. पेट्रोल दोन लिटर ठेवलं होतं. बूट काढून मास्तरांकडे दिले. साडेतीनपर्यंत पाच वेळा जाऊन झालं, आणि पाचही वेळा कागद शाईत बुडवल्यासारखा निळा. मग फळ्या टाकून पाहिल्या, तर त्या निसटल्या. चार वाजले. साडेचार वाजले. फोन करायला हवा होता, पण फोनवर सांगणार काय? ते स्टिअरिंग धरून बसून राहिले. गाडीचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

सव्वापाचला कोपऱ्यावर बस थांबली. ड्रायव्हरबाई उतरल्या. हातात फुलांचा गुच्छ, खांद्याला डब्याची पिशवी. त्या चालत स्पीडब्रेकरपर्यंत आल्या. पलीकडे गाडीचं गुलाबी हसू, तिच्यात अनवाणी नवरा, सीट मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले मास्तर.

"तास झाला फाटकाशी उभी होते," त्या म्हणाल्या. "चार जण म्हणाले सोडतो. सगळ्यांना सांगितलं, माझी गाडी येतेय." त्यांनी डब्याची पिशवी खांद्यावरून उतरवली. "शेवटी त्याच बसनं आले. उभ्यानं."

कवळीवाल्यांनी सगळं सांगितलं. अकरा अर्ज सांगितले, बारावाही सांगितला.

"म्हणजे हा तुम्हीच करून घेतलात?"

"हो."

"आणि कालही सही केलीत?"

"हो."

त्यांनी स्पीडब्रेकरवर पाय दाबून पाहिला. मग गुच्छ मास्तरांच्या हातात दिला. "उतरा."

"अगं, पण—"

"तुमचं वजन अठ्ठ्याऐंशी. माझं एक्कावन्न. उतरा!"

दोन महिने कागद अंथरून, सीटा उपसून, उपाशी राहून दोघा माणसांना जे सुचलं नव्हतं, ते बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. कवळीवाले उतरले. किल्ली गाडीतच होती. त्यांचा हात एकदा तिकडे गेला आणि परत आला.

बाई बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा वळवला, आणि गाडी स्पीडब्रेकरवर अशी चढवली, जसं भरलेलं दुधाचं भांडं उचलावं. मास्तर गुच्छासकट पालथे झाले होते. "मोकळं आहे! येऊ द्या! कोरा! कागद कोरा!"

गाडी पलीकडे उतरली. पण थांबली नाही. चौकापर्यंत गेली, वळली, चौकाला एक पूर्ण वळसा घालून परत येऊ लागली. कवळीवाले सीट उराशी धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. एकोणीस वर्षांत त्यांनी ती गाडी आतून पाहिली होती, खालून पाहिली होती, तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती. चालताना कधीच पाहिली नव्हती. किल्ली कुणाला दिली असती तर दिसली असती. वळणावर ती जमिनीला धरून अशी वाकली, की त्यांचे डोळे भरून आले.

"असा आवाज करते ती?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"दर रविवारी," मास्तर म्हणाले.

मग रस्त्यातच चार बोल्ट आवळले गेले. बाई गुच्छ घेऊन शेजारी बसल्या आणि कवळीवाल्यांनी गाडी डेपोकडे घेतली, कारण घरी आणायचं तर आधी तिथं जायला हवं. फाटकाशी फक्त वॉचमन उरला होता.

"आली का गाडी, बाई?" त्यानं विचारलं.

"आली," बाई म्हणाल्या आणि खिडकीवर कोपर टेकवून ऐटीत बसल्या.

परत येताना त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. प्रत्येक थांब्याशी त्यांचा उजवा पाय रिकाम्या फरशीवर दाबला जायचा. दोनदा त्यांनी आरसा कुठे आहे म्हणून पाहिलं. तिसऱ्या थांब्यानंतर मात्र त्यांनी डोळे मिटले, आणि कवळीवाल्यांनी आयुष्यात चालवली नव्हती इतकी हळू गाडी चालवली.

स्पीडब्रेकरशी गाडी थांबली. कवळीवाल्यांनी खाली उतरून सीटचे बोल्ट काढले, आणि कुणी काही म्हणायच्या आत किल्ली बायकोपुढे धरली.

"म्हणजे घरी मीच मला नेऊन सोडायचं," त्या म्हणाल्या. पण किल्ली त्यांनी घेतली.

कवळीवाले सीट डोक्यावर घेऊन गल्लीत शिरले. वीस पावलांवर त्यांनी ती रस्त्याच्या कडेला मांडली, स्पीडब्रेकरकडे तोंड करून, आणि तिच्यावर बसले.

"सावकाश ये," त्यांनी ओरडून सांगितलं. "मला बघायचंय."