दारासमोरचा कोपरा

रोहण्याच्या पुढच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. त्या वर्षी गणिताच्या चाचणीत वर्गातली नऊ मुलं मागे पडली. मुख्याध्यापकांनी यादी पाहिली. "हे पोरं पहिलीपासूनच कच्चे आहेत, मॅडम," म्हणाले, आणि कागद फाइलला लागला.

मला ते पटेना. त्यांतली एक मुलगी, भाजीचा मळा असलेल्या घरातली, तोंडी विचारलं की फटाफट उत्तरं द्यायची. मी नऊही जणांच्या वह्या काढल्या आणि कोणाचं कोणतं गणित कशानं चुकलं ते लिहायला बसले. कितीतरी ठिकाणी रीत बरोबर होती. फळ्यावरचा आकडाच चुकीचा उतरवलेला. तिनाचा दोन, एकाचा नऊ. मग कोण कुठे बसतं त्याचा तक्ता काढला आणि असल्या चुका त्यावर मांडल्या. नऊपैकी सहा मुलं एकाच कोपऱ्यात निघाली, दारासमोरच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या मुलीच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. दारातलं ऊन फळ्यावर आलं होतं. अर्धा फळा नुसता पांढरा.

"तुले दिसते का गं इथून?"

"नाई मॅडम. दुपारी फळा चमकते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं, सगळ्याइलेच तसा दिसत असन."

तिच्या प्रगतिपत्रकावर मी 'लक्ष देत नाही' असं दोनदा लिहिलं होतं. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. दुपारी फळा चमकतो, पोरीला दिसत नाही, चूक माझी होती, असं मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "सापडली न चूक? मंग फळा हलवा."

"भिंतीतला आहे हो, सिमेंटचा."

"तर दुसऱ्या भिंतीवर करा. भिंती काय कमी हायेत?"

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तिनंच विषय काढला. रविवारी दोन बाप सिमेंट आणि काळा रंग घेऊन आले आणि ऊन न येणाऱ्या भिंतीवर नवा फळा तयार झाला. पुढच्या चाचणीत ती सहाही मुलं वर आली. उरलेल्या तिघांना गणित वाचताच येत नव्हतं. त्यांच्यासाठी मी रोज अर्धा तास वाचन धरलं. एकजण आता सरसर वाचतो. दोघं अजून अडखळतात, पण कुठल्या अक्षरांवर ते मला ठाऊक आहे.

आसपासच्या शाळांच्या केंद्र-बैठकीत मुख्याध्यापक स्वतः तो तक्ता घेऊन उभे राहिले. "मी या पोरांले कच्चे म्हटलं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "आमच्या मॅडमनं वह्या पाहिल्या, अन् मले चुकीचं ठरवलं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. मी खाली मान घालून बसले होते, पण हसू काही आवरत नव्हतं.