काळजी नसावी

भिवाजी साळवे यांनी उभा जन्म सिकंदराबादच्या तार ऑफिसात शब्द कापण्यात घालवला. लोक लांबलचक दुःख घेऊन खिडकीशी यायचे आणि भिवाजी ते चार शब्दांत बसवून द्यायचे. तार बंद झाली, ते निवृत्त झाले, पण कापायची खोड काही गेली नाही. बायकोशी, विमलाबाईंशीसुद्धा ते तसंच बोलत. बाई गेल्यावर तेवढंही बोलायला कुणी उरलं नाही. आता काचीगुड्याच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत आणि मुलीला, सुमेधाला, मोबाइलवर निरोप पाठवत. शुद्ध मराठीत, अर्थातच. सुमेधा मराठी झकास बोलायची. पण शाळा इंग्रजी, शेजार तेलुगू आणि दखनी, त्यामुळे वाचायची मात्र एकेका अक्षरावर अडखळत.

त्या मंगळवारी ती बँकेत काउंटरवर होती. निरोप आला.

"सकाळी उलटी केली. जड गेली. पडून होतो. काळजी नसावी."

तिने तो पुन्हा वाचला, ओठ हलवत, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी बाबांना अशीच उलटी झाली होती, रक्ताची. पोटात अल्सर फुटला होता. कोठी भागातल्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की पुन्हा उलटी झाली तर घरी थांबून वेळ घालवू नका, माणूस हाती लागणार नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंना आपलं काउंटर सांभाळायला सांगून ती रस्त्यावर आली आणि पहिल्या रिकाम्या ऑटोत बसली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. नारायणगुड्याच्या सिग्नलला ऑटो अडकला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बाबा मोरीच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते. पाणी द्यायलाही जवळ कुणी नव्हतं. दोन रविवार ती जाणार होती. बाबांची पाठ दुखत होती. गादीतला कापूस एका बाजूला दबून खड्डा पडला होता. मी येते, आपण दोघं मिळून गद्दा पलटवू, असं तिनेच कबूल केलं होतं. एका रविवारी घरी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी कुणीही आलं नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. 

"घबराओ नक्को आपा, अब्बी छोड़ देतूं," ऑटोवाला म्हणाला. ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं.

दार आतून बंद होतं. तिने हाका मारल्या, दोन्ही हातांनी दार बडवलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली आणि समोर भिवाजी उभे, बनियनवर, डोळे किलकिले करत. कान तसेही मंद होते आणि फोन उशीखाली राहिला होता.

"रक्त होतं का?" सुमेधाने त्यांचे दंड धरून विचारलं.

"कशात?"

"उलटीत, बाबा."

 भिवाजींनी खाटेकडे बोट दाखवलं. "गादी," ते म्हणाले. "गादी उलटी केली. तूच म्हणाली होतीस ना."

सुमेधा मटकन खाली बसली. तिचा गद्दा, त्यांची गादी. तिचं पलटवणं, त्यांचं उलटी करणं. आणि त्यातलाही एक शब्द या गृहस्थांनी वाचवला होता. तिला हसूही आलं आणि त्यांना दोन शब्द सुनावावेत असंही वाटलं. ती बोलणार, तेवढ्यात तिला त्यांचं कोपर दिसलं. सालटं निघालं होतं आणि त्यावर हळद दाबलेली होती.

"बाबा, पडून होतो म्हणजे? आराम करत होता ना?"

भिवाजी खाटेच्या कडेला टेकले. मग सांगू लागले, थांबत थांबत. कापसाची जुनी गादी, ओल धरून जड झालेली. उभी केली तशी ती दुमडून अंगावर आली आणि ते खाट आणि भिंतीच्या मधे गेले. पाय खाटेखाली अडकला. गादी तोंडावर. श्वास पुरेना. हाक मारली, पण ती गादीतच मुरली. किती वेळ गेला, ठाऊक नाही. कसाबसा पाय सुटला तेव्हा ते सरपटत बाहेर आले.

"मला वाटलं, संपलं," ते म्हणाले. "भीती वाटली गं सुमे. लई भीती वाटली."

आपल्या बापाच्या तोंडून हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. ऑटोतली भीती यापुढे काहीच नव्हती.

"मग तसं लिहिलं का नाही?"

"तू घाबरली असतीस."

 सुमेधाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.