ताईच्या गच्चीवरचा बूस्टर

रेडिओलहरींवर नजर ठेवणाऱ्या आमच्या कार्यालयातले निरीक्षकसाहेब आकाशाकडे शेतजमिनीसारखं बघतात. एकशे आठ मेगाहर्ट्झला एफएमचं शिवार संपतं आणि बांधाला बांध लागून विमानांचं सुरू होतं. पुढे पोलीस, टॅक्सी, मोबाइल. कोणी दुसऱ्याच्या शिवारात शिरलं की साहेब निघतात. पंचवीस वर्षं हेच काम. ऑफिसात त्यांना ‘कान’ म्हणतात.

मंगळवारी विमानतळाच्या टॉवरची तक्रार आली. एकशे अठ्ठावीसवर किंचाळी येते, वैमानिकाचे शब्द कळत नाहीत. कानसाहेब माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून निघाले. आवाज वाढेल तिकडे वळत गेले आणि थोरल्या बहिणीच्या इमारतीपाशी पोचले. यंत्राची बॅटरी बदलली. पुन्हा तिथेच.

गच्चीवर टीव्हीचा बूस्टर होता. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर ताईशी बोलणं सुरू व्हावं म्हणून त्यांनीच तो बसवला होता. स्वस्तातला. ताई बोलू लागली होती. आता तो काढला तर पुन्हा अबोला. नुसती वायर उपटून, ताईला तो बिघडलाय असं वाटू देऊन ‘स्रोत आढळला नाही’ असं लिहिता आलं असतं. साहेब दोन मिनिटं टाकीला टेकून उभे राहिले. मग खाली ताईच्या घरी जाऊन त्यांनी नोटीस भरली.

“तुझ्या बूस्टरमुळे विमानांना त्रास होतोय, ताई.”

“विमानं डोक्यावरून जातात तेव्हा मला होतो तो? मी केली कधी तक्रार?”

“कायदा आहे.”

“बसवलास तू, आणि नोटीस मला?”

“वापरणाऱ्याच्या नावे निघते. बसवणाऱ्याचं नाव खाली आहे. बघ.”

ताईने चष्मा लावून खाली बघितलं. भावाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

“स्वतःच लिहिलंस?”

“रकाना होता.”

तिने सही केली. साहेबांनी बूस्टर काढला, टॉवरला फोन लावला. आवाज स्वच्छ, असं उत्तर आलं. टीव्हीवर मुंग्या आल्या.

“आता संध्याकाळी मी काय करू, बाळ्या?”

“माझ्याशी बोल.”

“तुझ्याशी? बस मग.”

ताई पावणेदोन तास बोलली. बहुतेक सगळं त्यांच्याविषयी होतं आणि त्यातलं फारसं काही चांगलं नव्हतं. कानसाहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.